बद्दीला गेलेली मशिनं: एका करसवलतीचा हिशेब

जानेवारी २००५. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी कॉस्टिंग बघत होतो. स्वतःचा ब्रँड नसलेला कारखाना. मोठ्या कंपन्यांचा माल त्यांच्या नावाने बनवून द्यायचा, म्हणजे धंद्याच्या भाषेत थर्ड पार्टीचं आणि लोन लायसन्सचं (परवाना त्यांचा, कारखाना आमचा) काम. त्या पंधरवड्यात एक्साइजची नवी अधिसूचना आली. औषधांवरचं उत्पादन शुल्क आता कारखान्याच्या दरावर धरायचं नाही, पट्टीवर छापलेल्या एमआरपीवर धरायचं. एमआरपीतून ४० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या ६० टक्क्यांवर १६ टक्के शुल्क लावायचं. मी नवी कॉस्ट शीट करून शेठच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "बद्दीला जमिनीचा भाव काय चाललाय, बघ जरा."

बद्दी हिमाचल प्रदेशातल्या सोलन जिल्ह्यात, हरयाणाच्या सीमेला अगदी टेकून आहे. बद्दी, बरोटीवाला आणि नालागढ हा सलग औद्योगिक पट्टा. आज हिमाचलमध्ये सहाशेहून जास्त औषध कारखाने आहेत आणि त्यातले बहुसंख्य याच पट्ट्यात. घरातल्या औषधांच्या डब्यातल्या दहा पट्ट्या उलट्या करून बघितल्या, तर दोन-तीनवर तरी 'बद्दी, जिल्हा सोलन' सापडतं. परवान्याच्या नंबरात ०५, ०६, ०७ असे आकडे दिसतात, ते बहुतेकदा परवाना मिळाल्याचं वर्ष असतं. ज्या गावाजवळ औषधाचा कच्चा माल पिकत नाही, बंदर नाही, जिथवर तेव्हा रेल्वेही पोहोचलेली नव्हती, तिथे पाच-सहा वर्षांत देशातल्या औषधांचा एवढा मोठा वाटा कसा गेला, हे समजून घेण्यासारखं आहे. विकसनशील देशात करसवलत दिली की कंपन्यांचं नेमकं काय होतं, हे पुस्तकी सिद्धांतांपेक्षा बद्दीने मला जास्त शिकवलं.

पॅकेज

७ जानेवारी २००३ रोजी वाजपेयी सरकारने उत्तरांचल (आजचं उत्तराखंड) आणि हिमाचल प्रदेशासाठी औद्योगिक पॅकेज जाहीर केलं. डोंगराळ राज्यं, वाहतूक महाग, तरुणांना काम नाही, म्हणून तिथे जाणाऱ्या उद्योगाला भरपाई द्यायची अशी भूमिका होती. ठरवलेल्या भागांत आणि ठरवलेल्या उद्योगांत नवा कारखाना काढला, किंवा जुन्याचा मोठा विस्तार केला, तर दहा वर्षं केंद्रीय उत्पादन शुल्क पूर्ण माफ. आयकर कायद्यात ८०-आयसी हे नवं कलम आलं: पहिली पाच वर्षं त्या कारखान्याच्या नफ्यावर १०० टक्के वजावट आणि कंपनी असेल तर पुढची पाच वर्षं ३० टक्के. शिवाय यंत्रसामग्रीच्या गुंतवणुकीवर १५ टक्के अनुदान, कमाल ३० लाख रुपये. शुल्कमाफी मिळवायची तर उत्पादन आधी ३१ मार्च २००७ पर्यंत सुरू व्हायला हवं होतं. ती मुदत पुढे ३१ मार्च २०१० झाली.

पॅकेजमध्ये शुल्क आणि आयकर शेजारी शेजारी लिहिलेले असले तरी कारखान्याच्या आत त्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आयकराची सवलत नफा झाला तरच मिळते. शुल्कमाफी पहिल्या बॅचपासून मिळते, नफा असो वा तोटा. आणि नवा कारखाना सहसा पहिली दोन वर्षं तोट्यातच असतो. म्हणून बद्दीला गेलेला जवळपास प्रत्येक छोटा कारखानदार एक्साइजसाठी गेला. आयकराचं त्याला नंतर सुचलं. त्याकडे पुढे येतो.

६५ पैसे आणि ७ रुपये ८३ पैसे

शेठच्या टेबलावर ठेवलेली कॉस्ट शीट इथे सोप्या आकड्यांत मांडतो. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, दर मात्र तेव्हाचे खरे आहेत.

समजा, दहा गोळ्यांची एक पट्टी आहे. एमआरपी १०० रुपये. औषधाचा मूळ घटक, स्टार्च, फॉईल, कार्टन असा सगळा माल शुल्क सोडून १२ रुपयांचा. गोळ्या बनवून, पॅक करून देण्याचे कारखान्याचे ४ रुपये. शुल्क १६ टक्के आणि त्यावर २ टक्के शिक्षण उपकर, म्हणजे १६.३२ टक्के. कच्च्या मालावर पुरवठादाराने लावलेलं शुल्क झालं १ रुपया ९६ पैसे, आणि ठाण्यातल्या कारखान्याला त्याचं सेनव्हॅट क्रेडिट मिळतं, म्हणजे ते स्वतःच्या शुल्कातून वजा करता येतं.

जानेवारी २००५ पूर्वी दुसऱ्यासाठी माल बनवणाऱ्या कारखान्याचं शुल्क मालाची किंमत अधिक मजुरी यावर निघायचं. १२ अधिक ४, म्हणजे १६ रुपयांवर २ रुपये ६१ पैसे. त्यातून १.९६ चं क्रेडिट वजा केलं की रोख भरायचे ६५ पैसे. बद्दीतल्या कारखान्याला शुल्क शून्य, पण शुल्क माफ असल्यामुळे कच्च्या मालाचं क्रेडिटही नाही. ते १.९६ त्याच्या खर्चात जमा. दोन्हीकडचा फरक पट्टीमागे अवघा ६५ पैसे. तेवढ्यासाठी कोणी ठाण्याचा गाळा सोडून दीड हजार किलोमीटरवर जाणार नाही.

जानेवारीनंतर त्याच पट्टीवर शुल्क निघू लागलं १०० च्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ९ रुपये ७९ पैसे. क्रेडिट तेच १.९६. रोख भरायचे ७ रुपये ८३ पैसे. बद्दीत अजूनही शून्य.

गोळ्या बनवायची आमची मजुरी ४ रुपये होती आणि फक्त पत्ता बदलल्याने वाचणारा कर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आम्ही फुकट काम केलं असतं तरी बद्दीच्या कारखान्याशी दरात बरोबरी करू शकलो नसतो. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. कंपन्यांच्या खरेदी विभागांना ते आठवड्याभरात कळलं आणि "तुमचं बद्दीचं युनिट कधी सुरू होतंय?" असे फोन यायला लागले.

शुल्क एमआरपीवर नेण्यामागे सरकारचा हेतू चुकीचा नव्हता. मोठ्या कंपन्या स्वतःच्या कारखान्यात औषध बनवलं तर स्टॉकिस्टला विकायच्या दरावर शुल्क भरत आणि तेच औषध बाहेरून बनवून घेतलं तर माल अधिक मजुरी एवढ्यावरच. ही पळवाट बुजवायची होती. पण एका हाताने पळवाट बुजवताना दुसऱ्या हाताने दोन वर्षांपूर्वी उघडलेला दरवाजा कितीतरी रुंद झाला. २००३ च्या पॅकेजचं वजन २००५ च्या अधिसूचनेने किती पटींनी वाढेल, याची बेरीज कोणी केली असावी असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

या हिशेबातली खरी गोम अशी की सवलतीचा आकार कारखान्यात काय होतं यावर ठरत नव्हता. किती माणसं लावली, किती चांगलं मशीन घेतलं, प्रयोगशाळेवर किती खर्च केला, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नव्हता. एमआरपी आणि उत्पादनखर्च यांत जितकी मोठी दरी, तितकी मोठी सवलत. स्वस्त जेनेरिक औषध बनवणाऱ्याला थोडी, महागड्या ब्रँडचं औषध बनवणाऱ्याला भरपूर. आणि एमआरपी ठरवणारा कारखानदार नव्हता, ब्रँडचा मालक होता.

शेड्यूल एमचा धक्का

जागा बदलायला आणखी एक कारण त्याच वर्षी जुळून आलं. औषध कारखान्यांसाठी उत्पादनाचे सुधारित निकष, म्हणजे शेड्यूल एम, २००१ साली अधिसूचित झाले होते. मुदतवाढी मिळत मिळत ते १ जुलै २००५ पासून जुन्या कारखान्यांना बंधनकारक झाले. स्वतंत्र एअर हँडलिंग, माणसांच्या आणि मालाच्या वेगळ्या वाटा, प्रत्येक विभागाला ठरावीक जागा. वागळे इस्टेटमधल्या जुन्या गाळ्यांत हे बसवायचं म्हणजे भिंती पाडून पुन्हा बांधायच्या. मुंबई, ठाणे, पालघर पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांना तसाही लाखो-कोटींचा खर्च करायचाच होता. मग तो जुन्या गाळ्यात का करायचा? ठाण्याची जागा विकून आलेल्या पैशात बद्दीला नवा, शेड्यूल एमप्रमाणे कारखाना उभा राहत होता आणि वर एक्साइज शून्य.

आम्ही तेच केलं. २००६ च्या पावसाळ्यात पश्चिम एक्स्प्रेसच्या कालका डब्यातून मी पहिल्यांदा तिकडे गेलो. कालका-पिंजोरहून बद्दीकडे जाणारा रस्ता चिखलाने भरलेला, ट्रकांची रांग हलत नव्हती. दोन्ही बाजूंना अर्धवट शेड, लोखंडी सांगाडे, आणि प्रत्येक सांगाड्यावर कुठल्यातरी औषध कंपनीची पाटी. राहायला खोली मिळत नव्हती. शेवटी एका शेतकऱ्याने गोठ्यावर बांधलेली खोली महिन्याच्या भाड्याने दिली. जनरेटर आमच्या मशिनांच्या आधी पोहोचला होता. मशिनं उतरवताना ठाण्याहून आलेल्या फिटरने गोळ्या दाबायच्या रोटरी कॉम्प्रेशन मशीनवरची जुनी धूळ पुसली, तर खाली आमच्या पॅकिंग सेक्शनमधल्या बायकांनी दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू अजून तसंच होतं.

त्या बायकांपैकी एकही बद्दीला आली नाही, येणं शक्यच नव्हतं. वीस-बावीस जणी, बहुतेक लोकमान्यनगर, सावरकरनगरच्या. त्यातली एक पट्ट्यांचा गठ्ठा नुसता हातात धरून पन्नास आहेत की एकोणपन्नास ते सांगायची, मी अनेकदा मोजून बघितलं होतं. हिशेब चुकते झाले, कायद्याप्रमाणे पैसे दिले गेले. पण बद्दीत निर्माण झालेल्या प्रत्येक नोकरीचा आकडा हिमाचलच्या खात्यात जमा झाला आणि ठाण्यात गेलेली नोकरी कुठल्याच खात्यात वजा झाली नाही. एवढं मला मनापासून लिहायचं होतं.

आमच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर हेच पुण्याने पाहिलं. त्याच पॅकेजखाली उत्तराखंडात पंतनगरला २००७ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीतलं वाहनांचं उत्पादन थांबलं.

आयकर, पाचवं वर्ष आणि 'मोठा विस्तार'

आता आयकराकडे येतो, कारण कंपन्यांच्या वागण्यावर त्याने केलेला परिणाम जास्त चमत्कारिक होता.

२००५-०६ साली कंपनीला अधिभार-उपकरासह ३३.६६ टक्के आयकर होता. बद्दीच्या युनिटला १ कोटी नफा झाला तर ३३ लाख ६६ हजार वाचले, असं वरवर दिसतं. पण पुस्तकी नफ्यावर किमान पर्यायी कर, म्हणजे मॅट, भरावाच लागायचा. तेव्हा त्याचा दर साडेसात टक्के होता, अधिभार धरून साधारण ८.४ टक्के. मग मॅट वाढत गेला: १०, १५, १८ आणि २०११-१२ मध्ये १८.५ टक्के. अधिभारासह २० टक्के. कागदावर शंभर टक्के सूट, प्रत्यक्षात तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग त्या त्या वर्षी मॅटमध्ये परत द्यायचा, आणि त्याचं क्रेडिट पुढच्या वर्षांसाठी जपून ठेवायचं. ज्या छोट्या कंपनीला रोकड आज हवी, तिला पुढच्या क्रेडिटचा उपयोग कमी.

मोठ्या कंपन्यांना हे कलम वेगळ्या कारणाने आवडलं. एकाच कंपनीचे चार कारखाने असतील आणि एकाचा नफा करमुक्त असेल, तर सगळा नफा त्याच कारखान्यात दाखवावासा वाटणं स्वाभाविक आहे. जास्त मार्जिनचे ब्रँड बद्दीत, कमी मार्जिनचे बाहेर. जाहिरात, एमआरचे (डॉक्टरांकडे जाणाऱ्या औषध प्रतिनिधींचे) पगार, संशोधन, मुख्यालयाचा खर्च यातला किती भाग बद्दीच्या युनिटवर टाकायचा, यावर आयकर खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालले. २०१२ च्या अर्थसंकल्पानंतर देशांतर्गत व्यवहारांनाही ट्रान्सफर प्रायसिंगचे (आपसांतले व्यवहार बाजारभावानेच दाखवण्याचे) नियम लागू झाले, त्यामागे असे वाद होते. या सगळ्यात बद्दीचं युनिट ताळेबंदात देशातलं सर्वांत कार्यक्षम युनिट दिसायचं. ती कार्यक्षमता किती मशिनांची आणि किती वाटपाची, हे बाहेरून ओळखणं अवघड होतं. म्हणूनच 'सवलतीमुळे कंपन्यांची कामगिरी सुधारली' असं फक्त नफ्याच्या आकड्यावरून कोणी म्हटलं की मी सावध होतो.

पाचव्या वर्षाचा किस्सा तर अभ्यासक्रमात घ्यावा असा आहे. १०० टक्के वजावट पाच वर्षांची, सहाव्या वर्षी ती ३० टक्क्यांवर. पण त्याच कलमात जुन्या कारखान्याच्या 'मोठ्या विस्तारा'लाही सवलत होती. प्लांट आणि मशिनरीतली गुंतवणूक घसारा न धरता किमान ५० टक्क्यांनी वाढवली की मोठा विस्तार. मग अनेकांनी सहाव्या वर्षाच्या तोंडावर गुंतवणूक पन्नास टक्क्यांनी वाढवली आणि म्हटलं, आमची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजा. खातं म्हणालं, सुरुवात एकदाच होते. प्रकरणं हिमाचलच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला: विस्ताराच्या वर्षापासून पुन्हा १०० टक्के मिळेल, पण एकूण दहाच वर्षं.

कायद्याचा अर्थ काहीही असो, कारखान्यात त्याचा परिणाम काय झाला? ऑर्डर आहेत म्हणून मशीन घेतलं असं व्हायच्या ऐवजी वर्ष संपतंय म्हणून मशीन घेतलं असं झालं. एका युनिटमध्ये पट्ट्या पॅक करणाऱ्या नव्या ब्लिस्टर मशिनवर वर्षभर प्लॅस्टिकचं आवरण तसंच पाहिलेलं मला आठवतं. गुंतवणुकीच्या आकडेवारीत मात्र ते मशीन पूर्ण किमतीने मोजलं गेलं.

मग फायदा झाला की नाही?

झाला, आणि बराच झाला. बद्दीत ट्रक धुणारा, खानावळवाला, खोल्या भाड्याने देणारा शेतकरी, फार्मसी झालेली सोलन-मंडीची मुलं, या सगळ्यांच्या आयुष्यात तो दिसतो. या पॅकेजवर कारखान्यांच्या आकडेवारीतून झालेल्या एका अभ्यासात सवलतीच्या राज्यांत रोजगार, उत्पादन, स्थिर भांडवल आणि कारखान्यांची संख्या हे सगळं ठळकपणे वाढल्याचं दिसतं. जुने कारखाने मोठे झाले आणि नवेही आले. दुसऱ्या राज्यांतून कारखाने उचलून आणले गेल्याचा ठळक पुरावा त्यात सापडत नाही. मी स्वतः मशिनं ट्रकवर चढवलेली असल्याने हे वाचून आधी चकित झालो. पण विचार केल्यावर पटलं की सगळ्या उद्योगांची सरासरी आणि औषधधंदा यांत फरक आहे. औषध हलकं आणि महाग, म्हणून पट्टीमागे वाहतूक पैशांत सुटते. एमआरपीवरच्या शुल्काचा झटकाही औषधांना बसला तसा इतर थोड्यांनाच बसला. पंजाब आणि हरयाणाची सरकारं मात्र वर्षानुवर्षं उद्योग पळाल्याची तक्रार करत राहिली, तीही खोटी म्हणवत नाही.

वाचलेले ७ रुपये ८३ पैसे कोणाच्या खिशात गेले, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षी आम्ही मजुरी ४ वरून साडेपाचवर नेली आणि कंपन्यांनी खळखळ न करता दिली. त्या वर्षाचा ताळेबंद शेठने फोटोफ्रेमसारखा जपला होता. पण सवलत सगळ्यांनाच होती. दोन वर्षांत आजूबाजूला शेकडो युनिट उभी राहिली, सगळ्यांकडे तीच मशिनं, तोच परवाना आणि तीच शुल्कमाफी. मग दर घसरत घसरत ४ च्याही खाली आला. औषधाच्या दुकानात एमआरपी काही कमी झाली नाही. म्हणजे सवलत ना कारखानदाराकडे फारशी टिकली, ना रुग्णापर्यंत पोहोचली. ती ब्रँडच्या मालकाकडे गेली. त्यातून चंडीगड-पंचकुल्यात एक नवाच धंदा फोफावला: स्वतःचा कारखाना नाही, संशोधन नाही, फक्त ब्रँडचं नाव नोंदवायचं, बद्दीतून माल बनवून घ्यायचा आणि गावोगावच्या वितरकांना हक्क वाटायचे. पीसीडी म्हणतात त्याला.

दर चेपला की कारखानदार कुठे कापतो, ते आत काम केलेल्याला ठाऊक असतं. मशीन कापता येत नाही, फॉईल कापता येत नाही. कापला जातो तो क्वालिटी कंट्रोलचा माणूस, स्टॅबिलिटीच्या (औषध किती काळ टिकतं याच्या) चाचण्या, घटकाच्या प्रत्येक ड्रमची तपासणी. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या दर महिन्याच्या निकृष्ट नमुन्यांच्या यादीत हिमाचलचे कारखाने सतत दिसतात. तिथे उत्पादनच जास्त होतं, म्हणून नमुनेही जास्त सापडणार, हे मान्य. पण २०२० च्या सुरुवातीला जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात रामनगरला डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या कफ सिरपमुळे लहान मुलं दगावली, ते सिरप याच सवलतीच्या राज्यात, काला अंबच्या एका कारखान्यात बनलेलं होतं. शेकडो कारखान्यांना परवाने दिले गेले, त्या प्रमाणात औषध निरीक्षक वाढले नाहीत. बद्दीजवळून वाहणाऱ्या सिरसा नदीत प्रतिजैविकांचे अंश असल्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. केंद्राने दहा वर्षांचा कर सोडून दिला, तेव्हा सोडलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले पाच जरी सांडपाणी, निरीक्षक आणि सरकारी प्रयोगशाळेसाठी राखून ठेवायची अट घातली असती, तर आज तिथलं चित्र वेगळं असतं असं मी ठामपणे म्हणतो. ७० टक्के नोकऱ्या हिमाचलींना देण्याची अट मात्र होती. निरीक्षणाची नव्हती.

सवलत न काढता सवलत आटली

फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात औषधांवरचं शुल्क १६ वरून ८ टक्के झालं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४. बद्दीच्या माफीला कोणी हात लावला नाही, पण माफ करण्यासारखं उरलंच थोडं. वरचीच पट्टी २०१० च्या दरांनी मांडतो. वजावटीचं प्रमाण मधल्या काळात बदललं, पण हिशेब सोपा राहावा म्हणून तेच ६० टक्के धरतो. ४ टक्के आणि ३ टक्के उपकर, म्हणजे शुल्क २ रुपये ४७ पैसे. कच्च्या मालावर तेव्हा १० टक्के, म्हणजे क्रेडिट १ रुपया २४ पैसे. ठाण्यापेक्षा बद्दीचा फायदा उरला सुमारे सव्वा रुपया. पाच वर्षांपूर्वी ७.८३ होता.

त्यातच २००७ चं ईशान्येचं धोरण आलेलं होतं: सिक्कीमसह सगळ्या ईशान्य राज्यांत दहा वर्षं शुल्काची सवलत आणि आयकरात ८०-आयई खाली दहाही वर्षं १०० टक्के वजावट. मोठ्या औषध कंपन्यांनी आता रंगपो आणि गंगटोकच्या आसपास कारखाने काढले. जास्त किमतीचे ब्रँड तिकडे, उरलेले बद्दीत. आम्हाला कंपन्यांकडून तेच फोन पुन्हा यायला लागले, फक्त गावाचं नाव बदललं होतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उत्पादन शुल्कच संपलं. ज्यांची दहा वर्षं पूर्ण झालेली नव्हती त्यांच्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये अर्थसंकल्पीय साहाय्याची योजना आणली: रोखीने भरलेल्या सीजीएसटीच्या (केंद्राच्या जीएसटीच्या) ५८ टक्के आणि आयजीएसटीच्या (परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीच्या) २९ टक्के परत. हे ५८ कुठून आले, तर केंद्राच्या करातले ४२ टक्के तेव्हा राज्यांना जात, उरलेलं केंद्राच्या हातात होतं तेवढंच ते देऊ शकत होतं. म्हणजे आता आधी पूर्ण कर भरा, मग तिमाहीला दावा करा. ज्याचं भांडवल तुटपुंजं त्याला परताव्याची वाट बघणंच महाग पडू लागलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी अर्थमंत्र्यांनी कंपनी आयकराचा मूळ दर २२ टक्के केला, सवलती सोडणाऱ्या कुठल्याही कंपनीला, कुठल्याही गावात. अधिभार-उपकर धरून २५.१७ टक्के आणि मॅटही नाही. डोंगरात जाण्याचं आयकराचं उरलंसुरलं कारणही त्या दिवशी संपलं. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि साहाय्य योजना जून २०२७ मध्ये संपते.

तरी बद्दी रिकामी झाली नाही, आणि याचं कारण आमच्याच युनिटमध्ये मला दिसलं. आमची शुल्कमाफी संपायला आली तेव्हा शेठने मला सिक्कीमचा हिशेब काढायला सांगितला होता. करापुरतं बघितलं तर सिक्कीम स्वस्त होतं. पण बद्दीत आता फॉईल छापणारा दोन किलोमीटरवर होता, सकाळी फोन केला की दुपारी रोल येत होता. ब्लिस्टर मशीन बिघडलं तर तासाभरात मिस्त्री हजर. चाचणीच्या खाजगी प्रयोगशाळा, कार्टनवाले, जुनी डाय पुन्हा घडवून देणारे, सगळे त्याच पट्ट्यात. २००६ साली यातलं काहीच नव्हतं, प्रत्येक सुटा भाग भिवंडीहून मागवावा लागायचा. सरकारने दहा वर्षं कर सोडला त्यातून जर काही टिकाऊ उभं राहिलं असेल तर ते हे होतं, आणि पॅकेजच्या कागदात याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता.

हिशेबाच्या शेवटच्या पानावर मी आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाईंचा पगार लिहिला होता. त्या मंडीच्या, बद्दीतच शिकून मोठ्या झालेल्या, सूक्ष्मजंतूंच्या चाचणीची खोली त्यांच्या एकटीच्या भरवशावर चालायची. शेठने त्यांना बोलावून विचारलं, "मॅडम, सिक्कीमला याल का? पगार दीडपट." त्या म्हणाल्या, "सर, माझी मुलगी इथल्या शाळेत आहे." शेठने फाईल मिटली आणि मला बद्दीतल्याच शेडचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायला सांगितलं.